करपट

बाईंच्या घरात ‘छान’ म्हणायला बंदी होती. तसं कुठे लिहून लावलेलं नव्हतं, पण एकदा जो म्हणाला त्याला ते कायमचं कळायचं. मला पहिल्याच दिवशी कळलं.

बँकेतल्या बदलीमुळे मी उज्जैनला आलो होतो आणि फ्रीगंजमध्ये खोली शोधत होतो. शाखेतल्या एकानं सांगितलं, एक मराठी मॅडम आहेत, रिटायर्ड, वरचा मजला देतात, पण आधी इंटरव्ह्यू घेतात. मी गेलो. उंच, सडपातळ, केस अगदी बारीक कापलेल्या एका बाईंनी दार उघडलं. मला बसवलं. माझं गाव कुठलं, पगार किती, लग्न झालंय का, यातलं काहीही विचारलं नाही. आतून बशीत रव्याचा एक लाडू आणून दिला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

मी लाडू खाल्ला आणि म्हणालो, “छान आहे.”

“छान म्हणजे?”

“म्हणजे... गोड आहे.”

“रव्याचा लाडू गोडच असणार. खारट असता तर सांगण्यासारखं होतं. कसा आहे?”

उरलेला लाडू मी परीक्षेला बसल्यासारखा खाल्ला आणि भीत भीत म्हणालो, “थोडा तुपकट वाटतोय.”

“बराबर,” त्या म्हणाल्या. “कालपासून मलाही तसंच वाटून राहिलंय. सामान कधी आणता?”

गल्लीत सगळे त्यांना ‘मैडमजी’ म्हणत. मी सुरुवातीला एकदा ‘काकू’ म्हटलं, तर त्यांनी शांतपणे विचारलं, “काका कुठे दिसले तुम्हाला?” त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. मग मी शाळेतल्या सवयीनं ‘बाई’ म्हणायला लागलो. उज्जैनमध्ये हा शब्द धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांसाठी वापरतात. शेजारणीनं मला तो वापरताना ऐकलं तेव्हा तिला धक्काच बसला. बाईंना मात्र तो चालला. “शब्द ठीक आहे. ऐकणाऱ्याचे कान हिंदी आहेत,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्या मुलींच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. प्रयोगशाळेतला पहिला नियम असतो, काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही. सगळी नोकरी मुलींना तो नियम बजावण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर आपण भरपाई सुरू केली, असं त्या सांगत. ते खरं नसावं. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी मला भेटल्या आहेत, आणि डब्यातली भाजी मॅडमनी चाखली की आमच्या आयांना धडकी भरायची, असं त्यांनीच सांगितलं आहे.

चाखायची त्यांची एक पद्धत होती. पर्समध्ये स्टीलचा चमचा असायचा. आधी पाण्याची चूळ. मग चमचाभर पदार्थ जिभेवर ठेवायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत थांबायचं. भिंतीवर काय आहे याला महत्त्व नसे. मग गिळायचं, पुन्हा एकदा थांबायचं, आणि मग निकाल द्यायचा. निकालात कौतुक नसे आणि रागही नसे. कोपऱ्यावरच्या जलेबीवाल्याला त्या सांगत, “आज घोल कम उठा है, ठंड थी रात को.” तो बिचारा मान हलवायचा. बाई लांबून येताना दिसल्या की पोहेवाला शेवेचा डबा झाकून ठेवायचा, कारण शेव कालची आहे हे त्या गिऱ्हाइकांसमोर सांगत.

एका लग्नात त्यांनी मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की बासुंदीत आरारूट आहे. बाजूला घेतलं होतं, पण आवाज वर्गात शिकवण्याचा होता. बासुंदी करणारा आचारी मुलीचा मामा निघाला. तेव्हापासून उज्जैनच्या मराठी मंडळींत बाईंना अक्षतांचं बोलावणं असे, जेवणाचा आग्रह कुणी करत नसे. बाईंच्या हे लक्षात आलं होतं की नाही, सांगता येत नाही. त्या अक्षता टाकून घरी येत आणि स्वतःसाठी वरणभात लावत.

माझी आई महिनाभर राहायला आली होती. तिनं पहिल्याच आठवड्यात वाटीभर फरसबीची भाजी खाली पाठवली. वाटी धुऊन परत आली आणि सोबत निरोप आला, मोहरी कच्ची राहिली आहे. आईनं दुसऱ्या दिवशी मोहरी नीट तडतडू दिली, भाजी खरोखरच जास्त चांगली झाली. पण मग महिनाभर तिनं वाटी काही खाली पाठवली नाही.

बाईंना एक मोठे भाऊ होते. राम घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी ते सांगत, म्हणून त्यांना सगळे गुरुजी म्हणत. बाई म्हणत ‘दादा’. घाटावरचं काम आटोपलं की दोन-चार दिवसांनी दुपारचे ते बहिणीकडे चहाला येत. दोघं फारसं बोलत नसत. ते अर्धा कप चहा पीत, बाई त्यात आलं जास्त झालं आहे का ते स्वतःच स्वतःला सांगत, आणि ते उठून जात. गुरुजींची बायको, म्हणजे बाईंची वहिनी, बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. एक मुलगा होता. तो इंदूरला बीअर बनवायचा.

हे वाक्य मी जितकं सरळ लिहिलं तितकं सरळ त्या घरात कुणी म्हणत नसे. मुलगा फूड टेक्नॉलॉजी शिकला, बंगलोरला एका ब्रुअरीत लागला, आणि मग एका मित्राबरोबर इंदूरला त्यानं स्वतःचं ठिकाण काढलं. काचेच्या भिंतीमागे तांब्याच्या मोठ्या टाक्या, आणि समोर टेबलं. गुरुजींनी आरडाओरडा केला नाही. मुलगा ताटावर बसला की ते उठत, एवढंच. “लोक माझ्याकडे आईबापांचं तर्पण करायला येतात,” ते बहिणीला म्हणाले होते. “त्याच हातानं मी याच्या पंक्तीला जेवू?” मग मुलगा उज्जैनला आला की आत्याकडे उतरायला लागला. आत्या त्याला जेवायला घालायची आणि तो जेवताना भाजीत काय आहे ते ओळखायला लावायची. त्याला ते यायचं. बाईंच्या तोंडून मी जी काही स्तुती ऐकली ती त्याच्याबद्दलची होती: “या मुलाला जीभ आहे.”

एका हिवाळ्यात तो आला आणि म्हणाला, “आत्या, तू एकदा इंदूरला चल. एक स्टाऊट केली आहे. चाखून सांग.”

“स्टाऊट म्हणजे?”

“काळी बीअर. बार्ली खूप भाजून घ्यायची. आता सगळीकडे मिठाईच्या चवीच्या करतात, कुणी चॉकलेट केकची, कुणी गुलाबजामची. मी गुळपोळीची केली आहे. माझा पार्टनर म्हणतो लोकांना चालणार नाही, कडू आहे, बदल. मला कळत नाही. तू सांगशील ते फायनल.”

बाईंनी आयुष्यात कधी दारूचा थेंब घेतलेला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “चाखायची आहे, प्यायची नाही. चालेल.” मला म्हणाल्या, “तुम्हीही चला. गुळपोळी खाल्लेला पण माझा नातेवाईक नसलेला कुणीतरी हवा.”

रविवारी आम्ही नानाखेड्याहून बसनं निघालो. बाईंनी भैरवगढच्या छापाची सुती साडी नेसली होती, मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये चमचा होता. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “बाई, आपल्याकडे दारूची दुकानं बंद झाली तरी कालभैरवाला दारूचा नैवेद्य असतोच की. देवच घेतात, त्यात काय एवढं.”

“घेतात,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “पण कशी होती ते सांगत नाहीत.”

ते ठिकाण दुपारी उघडायचं. आम्ही पोचलो तेव्हा फरशी पुसणं चाललं होतं आणि खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या होत्या. आंबवलेल्या पिठासारखा वास होता. भाचा एप्रन लावून पुढे आला, आत्याला वाकून नमस्कार केला, आणि लहानशा ग्लासात स्टाऊट आणून ठेवली. अगदी काळी, आणि वर फिकट कॉफीच्या रंगाचा फेस. त्याचा पार्टनर, हसतमुख आणि जाडसर इंदुरी मुलगा, लांबून बघत उभा राहिला.

मी आधी घोट घेतला. मला भाजलेले तीळ लागले, मागून थोडं जायफळ, आणि शेवटी घशाशी चांगलंच कडू. गोड अशी नव्हतीच. मी ‘छान’ म्हणालो नाही.

बाईंनी ग्लासाला हात लावला नाही. चूळ भरली, चमचा पर्समधून काढला, फेस बाजूला सारला, आणि चमचाभर स्टाऊट तोंडात घेतली. समोर काचेमागे टाक्या होत्या, त्यांच्याकडे बघत राहिल्या. गिळली. मग पुन्हा एक चमचा घेतला. दुसरा चमचा घेताना मी त्यांना तोवर कधी पाहिलं नव्हतं.

“गुळाचा गोडवा यीस्टनं खाल्ला,” त्या म्हणाल्या. “वास उरला आहे. ते ठीक. तीळ आहेत, खसखस आहे, डाळीचं पीठ नाही पण बार्लीनं त्याचं काम केलंय. जायफळ जरा कमी कर. पण ही गुळपोळी नाही.”

भाच्याचा चेहरा उतरला. “नाही?”

“ही करपलेली गुळपोळी आहे. गूळ तव्यावर सुटतो आणि जळतो, तो वास आहे. तो काढून टाक.”

“आत्या, तोच तर आहे. तो काढला तर उरलं काय?”

“गुळपोळी.”

“मग मला नाही करायची,” तो हळूच म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकदम विचारलं, “ही वहिनीची आहे का?”

त्यानं मान हलवली.

“पण तू तेव्हा किती लहान होतास. तुझ्या लक्षात कशी?”

“आहे लक्षात,” तो म्हणाला आणि बीअरच्या नळाकडे वळून उगाच कापडानं तो पुसायला लागला.

पार्टनर जवळ आला. “तो मैडमजी, क्या फायनल?”

“बनाई वही है जो बनाना चाहता था,” बाई म्हणाल्या. “ग़लती नहीं है इसमें. बिकेगी कि नहीं, वो मेरा विषय नहीं.”

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला वहिनीची हकिगत सांगितली. प्रयोगाचा निष्कर्ष सांगावा तशी सांगितली. वहिनीची गुळपोळी दर वर्षी कडेला काळी असायची. एका संक्रांतीला हळदीकुंकवाला वहिनीनं ती सगळ्यांना वाढली, तेव्हा बाईंनी सांगितलं, वहिनी, हे करपलंय, आपण कोळसा खातोय. बायका हसल्या. वहिनीही हसली. “पुढच्या वर्षीपासून तिनं विकतचे लाडू पाठवले. करणंच सोडलं तिनं,” बाई म्हणाल्या. “मी तिला दोनदा म्हटलं, शिकवते, ये. ती नाही आली.” त्यांच्या आवाजात खंत होती असं मला वाटलं नाही. एखादी विद्यार्थिनी विषय सोडून गेल्याची नोंद असावी तसं काहीतरी होतं.

दोन दिवसांनी गुरुजी चहाला आले. मी भाडं द्यायला खाली गेलो होतो आणि बाईंनी मलाही बसवून घेतलं होतं. त्यांनी भावाला सरळ सांगितलं, मी इंदूरला जाऊन आले, तुझ्या मुलानं केलेली बीअर चाखली.

गुरुजींनी कप खाली ठेवला. “तू? त्या घाणीला तोंड लावलंस?”

“चमच्यानं.”

“घाण ती घाणच.”

“तू चाखली आहेस?”

“मला चाखायची गरज नाही.”

“मग घाण म्हणू नकोस. निषिद्ध म्हण, मी काही बोलणार नाही. तो तुझा विषय आहे. घाण हा चवीचा शब्द आहे, तो न चाखता वापरायचा नाही.”

गुरुजी उठून गेले. मला वाटलं आता हे येणं-जाणंही बंद पडतं. बाईंना तसं काही वाटलेलं दिसलं नाही. बाप-लेकांनी बोलावं की नाही यात त्या कधी पडल्या नाहीत. भाऊ चुकीचा शब्द वापरतो याचा मात्र त्यांना खरोखर त्रास होत होता. आठवडाभर त्या तेवढ्याच गोष्टीवर होत्या. मग त्यांनी भाच्याला फोन केला, सोमवारी सुट्टीला येशील तेव्हा थर्मास भरून घेऊन ये.

त्या सोमवारी माझीही सुट्टी होती. खाली गेलो तर स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं होतं आणि त्यात काळी स्टाऊट उकळत होती. बाई मंद आचेवर ती डावानं हलवत होत्या. भाचा ओट्याला टेकून उभा होता.

“दारू उडवून राहिलीय,” तो मला म्हणाला. “बाबांसाठी.”

वास गल्लीभर गेला असावा, कारण शेजारीण खिडकीशी आली. “मैडमजी, क्या जल रहा है?”

“बियर.”

“अच्छा, बेर का मुरब्बा.”

“बेर नहीं. बियर.”

शेजारीण मनापासून हसली. मैडमजी कधी नव्हे त्या गंमत करतायत असं तिला वाटलं. ती हसतच निघून गेली आणि बाई पुन्हा पातेल्याकडे वळल्या.

आटून आटून ते काकवीसारखं झालं. बाईंनी ते एका वाटीत काढलं. दुपारी गुरुजी आले. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच आले होते. दारात त्यांना मुलाचे बूट दिसले आणि ते तिथेच थांबले. मुलगा उठून आत जायला निघाला.

“बस,” बाई त्याला म्हणाल्या. मग दाराकडे बघून म्हणाल्या, “दादा, चहा टाकलाय.”

गुरुजी आत आले. मुलापासून लांबच्या खुर्चीवर बसले. बाईंनी चहाआधी ती वाटी त्यांच्यासमोर ठेवली, शेजारी चमचा.

“काय आहे?”

“यानं केली ती बीअर आहे. उकळून आटवली. दारू उडून गेली.”

गुरुजींनी वाटीकडे बघितलं. “सगळी?”

“सगळी, बाबा,” मुलगा म्हणाला. किती दिवसांनी तो वडिलांशी बोलत होता ते मला माहीत नव्हतं.

“जवळजवळ सगळी,” बाई म्हणाल्या. “अगदी शून्य म्हणता येणार नाही. थोडा अंश राहतो.”

“आत्या, प्लीज.”

“राहतो तर राहतो म्हणायचं.”

भाच्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. मलाही त्या क्षणी बाईंचा राग आला होता. एक शब्द गिळला असता तर काम झालं असतं. पण शब्द गिळणं त्यांना येत नव्हतं.

“मग मी घेणार नाही,” गुरुजी म्हणाले.

“नको घेऊस. वास घे. निदान शब्द तरी बदलशील.”

मग, बहिणीची कटकट एकदाची मिटावी म्हणून असेल, गुरुजींनी वाटी उचलली आणि नाकाशी नेली. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं असं मी म्हणणार नाही. फक्त वाटी खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. एकदा खाली नेली आणि परत वर आणली.

“हा तर तिच्या पोळीचा वास आहे,” ते म्हणाले. “तव्यावर गूळ सुटायचा, तो.”

“जळायचा तो,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर मी तिला सांगितलं होतं. पण तिनं त्यानंतर करणंच सोडलं. हा तेव्हा एवढासा. याच्या जिभेवर कसा राहिला, तेच मला कळत नाही.”

भाचा बापाकडे बघत होता. गुरुजींनी त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि मग बहिणीला म्हणाले, “सोडलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“तुझ्याकडे पाठवणं सोडलं होतं.”

बाई उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या.

“दर संक्रांतीला करायची,” गुरुजी म्हणाले. “सकाळी लवकर, पुढचं दार लावून. हा तव्याजवळ बसायचा. याला सांगून ठेवलं होतं, आत्याला बोलायचं नाही. मग तुझ्यासाठी बाजारातून लाडू आणायचे.” मग म्हणाले, “मला तशीच आवडायची, काळ्या कडेची. तिला येत नव्हती असं नाही. ती माझ्यासाठी ठेवायची तव्यावर.”

“मग तेव्हा सांगितलं का नाही मला कुणी?”

“तू विचारलंस कुठे. तू सांगत होतीस.”

हे ते रागानं म्हणाले नाहीत. गाडी किती वाजता आहे हे सांगावं तसं म्हणाले. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चहाचा कप घेऊन आल्या तेव्हा त्यात आलं जास्त आहे की कमी, त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

गुरुजींनी ते काळं चाखलं नाही. वाटी मात्र त्यांच्यासमोरच राहिली. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, “तीळ किती भाजतोस?”

“काळे व्हायच्या थोडं आधीपर्यंत.”

“ती होऊ द्यायची.”

“मग फार कडू येतं, बाबा.”

“येतं,” गुरुजी म्हणाले. “पण एखाददुसराच. सगळे नाही. मूठभर बाजूला काढून ते काळे करायची, मग मिसळायची.”

मुलानं मान हलवली. जाताना गुरुजींनी दारात चपला घातल्या आणि बाहेर बघतच म्हणाले, “सोमवारी सुट्टी असते ना तुला. घरी येत जा. आत्याला दर वेळी काय करायला लावायचं.” बाप-लेक एका पंक्तीला बसले का, हे मी विचारलं नाही. पण त्यानंतर सोमवारी भाच्याचे बूट बाईंच्या दारात क्वचित दिसले.

इंदूरला ती स्टाऊट त्या हिवाळ्यात चालली म्हणजे बऱ्यापैकी चालली. काहींनी अर्धा ग्लास टाकून दिला, काही फक्त तीच घ्यायला परत आले. पार्टनरनं कुरकुर केली आणि ठेवली. गुरुजी तिथे कधी गेले नाहीत, जाणारही नाहीत. त्यांच्या लेखी ती निषिद्धच आहे. ‘घाण’ मात्र पुन्हा म्हणाले नाहीत, असं भाचा सांगतो.

बाई बदलल्या असं मला म्हणता येणार नाही. त्या वयात माणूस किती बदलणार. जलेबीवाल्याकडे त्या थांबतच. फक्त एक नवीन झालं. त्यानं “कैसी है?” विचारलं की त्या आता आधी उलट विचारत, “आपको कैसी बनानी थी?” तो याला जास्तच घाबरायचा. आधी निदान दोष कळायचा, आता आपल्या मनात काय होतं ते सांगायची पाळी यायची. तो मला एकदा म्हणाला, “भैया, मैडमजी की तबीयत ठीक है ना?”

संक्रांतीच्या आदल्या सकाळी बाईंनी मला खाली बोलावलं. ओट्यावर गुळपोळ्यांची चळत होती. एकेक पोळी एकसारखी, खुसखुशीत, कडेपर्यंत गूळ भरलेली, रंग सगळीकडे सारखा. कुठे काळा ठिपका नाही. बाई त्यांच्याकडे नापास पेपरांचा गठ्ठा बघावा तसं बघत होत्या.

“दादाकडे पाठवायच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “पण होत नाही माझ्याकडून. गूळ सुटायला लागला की हात आपोआप जातो आणि पोळी उतरते. ठरवून ठेवली तरी उतरते.” उलथनं त्यांनी माझ्या हातात दिलं. “तुमच्या खिचडीचा वास वरून खाली येतो. तुमच्याकडून होईल.”

त्यांनी नवी पोळी लाटून तव्यावर टाकली, आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी तव्यासमोर उभा राहिलो. पोळी फुगली, मी उलटली. कडेनं गुळाचा एक थेंब सुटला, तव्यावर पडला आणि चरचरला. मग दुसरा. आधी तांबूस, मग तपकिरी. धूर निघायला लागला.

“काढू?”

“अजून.”

“बाई, काळं होतंय.”

“वास येतोय मला,” त्या म्हणाल्या. त्यांनी खिडकीच्या गजाला घट्ट धरलं होतं. “ती किती वेळ ठेवायची ते मला माहीत नाही. मी बघायला थांबलेच नाही कधी. राहू द्या अजून थोडी.”